वाचून दाखवली, बरोबर आहे

मंगळवार, १४ डिसेंबर १९५४. दुपारचे सव्वातीन.

केशव,

आज सकाळी तुझा दहावा झाला. कावळा शिवला नाही.

कृष्णपुऱ्याला, होळकरांच्या समाध्यांवरच्या छत्र्यांखालच्या घाटावर, आम्ही नऊजण होतो. तुझ्या पुतण्याने, श्रीधरने, पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरलो. कावळे पिंपळावर होते. एक खाली उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर थांबला, मान वाकडी करून त्याने पाहिले आणि परत गेला. श्रीधर हात जोडून म्हणाला की काकूंना अंतर देणार नाही. कावळा आला नाही. कॉलेजातल्या तुझ्या सहकाऱ्याने तुझी पुस्तके योग्य ठिकाणी पोचवण्याचे वचन दिले. तरी आला नाही. तासभर गेला. थंडीने पाय बधिर झाले. गुरुजी चार पिढ्यांपासून माळव्यातले. ते शेवटी आमच्याकडे वळले. "अजून कोणाचं काही राहिलं असेल तर बोला भिया. मन में मत रखो. जाणाऱ्याला ऐकू जातं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. ते स्वाभाविक होते. मी पुढे झालो आणि म्हणालो, "वहिनींच्या घराकडे मी लक्ष ठेवीन." स्पष्ट आवाजात म्हणालो. सगळ्यांना ऐकू गेले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला.

कावळ्यावर माझा विश्वास नाही. तुझाही नव्हता. पक्ष्याला भूक नसेल, किंवा नऊ माणसे पाहून तो बुजला असेल. परंतु त्या तासाभरात माझ्या मनात एकच वाक्य होते आणि मी दुसरेच बोललो. यात कावळ्याचा काही संबंध नाही. परतताना श्रीधरने विचारले, "दत्तोकाका, का नसेल हो शिवला?" मी म्हणालो, "थंडी आहे."

तुझ्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. तुझा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षे हे सारे श्रीधरने त्यांना कळवले आहे. ते मी लिहीत नाही. मी आयुष्यभर एकच प्रकारचे लेखन केले, तेच करतो.

ते लेखन कोणते हे तुझे विद्यार्थी जाणत नसतील. होळकरांच्या न्यायालयात मी कारकून म्हणून लागलो आणि शिरस्तेदार, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, होऊन बाहेर पडलो. मधली बरीच वर्षे मी साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेतल्या. माणूस बोलायचा, मी लिहायचो, आणि शेवटी ते सारे त्याला मोठ्याने वाचून दाखवायचो. त्याने "बरोबर आहे" म्हटले की खाली तसे लिहून सही किंवा अंगठा घ्यायचा. वाचून दाखवल्याशिवाय जबानी पुरी होत नसे. तू म्हणायचास, "शिरस्तेदार, तुम्ही लोक माणसाचं बोलणं दोनदा ऐकता आणि एकदाही मानत नाही." तू मला नावाने क्वचितच हाक मारलीस.

आपला वाद शाळा सुटल्यावर सुरू झाला आणि तुझी वाचा गेली तेव्हाच थांबला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळते ते ज्ञान म्हणावे काय, हा तो वाद. मी नाही म्हणायचो. मी शपथ घेऊन खोटे बोललेली माणसे रोज पाहत होतो. लोभाने बोललेली, भीतीने बोललेली, आणि सर्वांत वाईट म्हणजे प्रामाणिकपणे चुकीचे बोललेली. पुरावा नसलेला शब्द माझ्या लेखी हवा होता. तू वर्गात तर्कशास्त्र शिकवायचास आणि माझ्यासमोर त्याचीच मुळे उपटायचास. तू विचारायचास, की तुझा जन्म कोणत्या दिवशी झाला हे तुला कसे कळले? आईने सांगितले. आईची तू उलटतपासणी केलीस का? इंग्लंड आहे हे कसे कळले? कोणीतरी जाऊन आला. तुझे म्हणणे असे की माणसाने भरवसा ठेवूनच सुरुवात केलेली असते, शंका नंतर येते, आणि शंकेलाही उभे राहायला भरवशाचीच जमीन लागते.

सराफ्यातला तो प्रसंग मला नीट आठवतो. एका पेढीवर सराफ बांगडी कसोटीवर घासत होता. मी म्हणालो, "बघ. माणसाचा शब्दही असाच घासून घ्यावा." तू हसलास. "पण तो दगड खरा आहे हे तुला कोणी सांगितलं रे? सराफानंच ना?" सराफालाही ते ऐकू गेले. तो म्हणाला, "मास्तरसाब, आप तो हमारी दुकान बंद करवाओगे." पुढे वर्षभर त्याने तुला बसायला गादी दिली नाही.

तू आणखी एक गोष्ट म्हणायचास. तेव्हा मला ती शब्दांची कसरत वाटे. तुझे म्हणणे असे की माणूस आपल्याला काही सांगतो तेव्हा तो केवळ एक वाक्य पुढे करत नाही, स्वतःला जामीन ठेवतो. पुरावा मागणे म्हणजे वाक्याची परीक्षा नव्हे. जामीन नाकारणे आहे. मी उत्तर दिले होते की जामीन कोण कसा आहे हे पाहूनच घेतला जातो. तू म्हणालास, "मग पाहा ना. इतकी वर्षं पाहतोयस."

मध्यभारत राज्य झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी कमलचे लग्न ठरले. कमल माझी एकुलती मुलगी. तिची आई तिच्या लहानपणीच गेली. मुलगा तुझा विद्यार्थी, घराणे दरबारातल्या कामदारांचे, म्हणजे अधिकाऱ्यांचे, नोकरी नव्या सरकारात. मंगळसूत्राचे सोने पाहायला मी सराफ्यात गेलो. तू बरोबर होतास. सराफ आत सोने घासत होता, आपण दोघे पायरीवर उभे होतो. तेथे तू म्हणालास, "शिरस्तेदार, हे लग्न करू नकोस."

मी कारण विचारले.

"कारण नाही सांगता येत. मी शब्द देऊन बसलोय."

"कोणाला?"

"तेही नाही."

"मग मी ऐकायचं काय?"

"मी सांगतोय ते. बस, इतकंच."

मी म्हणालो की हे कोर्टात एका मिनिटात खोडले गेले असते. तू म्हणालास, "आपण कोर्टात नाही यार. सराफ्यात उभे आहोत." तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी तो पाहिला. साक्षीदाराच्या चेहऱ्यावरून निष्कर्ष काढू नये असा माझा नियम होता. आतून सराफाने हाक मारली, "आओ साब, सोना सौ टंच है, एकदम शुद्ध." मी आत गेलो.

नंतर मी माझ्या पद्धतीने चौकशी केली. चार जणांना विचारले. चौघांनी मुलाबद्दल चांगले सांगितले. चौघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. त्यांना माहीत नव्हते. न जाणणाऱ्या चौघांची साक्ष मी जाणणाऱ्या एकाच्या वर ठेवली. इतकी ढोबळ चूक माझ्या हाताखालच्या कारकुनाने केली असती तर मी त्याला बोललो असतो.

लग्नाला तू आलास. मंगलाष्टके संपली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, तुझी मूठ मिटलेलीच राहिली. मी पाहिले. पाया पडायला कमल वाकली तेव्हा तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास, पण तोंडाने आशीर्वाद दिला नाहीस. खोटा आशीर्वाद तुझ्याने देववला नाही. तिला वाटले, तुला भरून आले.

चौदा महिन्यांनी ती परत आली. त्याचे रतलामला आधीच एक बिऱ्हाड होते. बायको होती, मूल होते. ती गोष्ट त्याने विद्यार्थी असताना रडत तुझ्यापाशी उघड केली होती, आणि ऐकण्याआधीच तू कोणाला न सांगण्याचे वचन दिले होतेस. कमलचे स्थळ पुढे आले तेव्हा तू त्याला माघार घ्यायला सांगितलेस. तो हो म्हणाला आणि त्याने घेतली नाही. हे सगळे मला नंतर कळले. कमलला मात्र एवढेच कळले होते, आणि तेही नवऱ्याच्या तोंडून, भांडणात: "तुमच्या मास्तरकाकांना सगळं ठाऊक होतं. त्यांनाच विचार."

तिने विचारले. तो रविवार होता. तू नेहमीप्रमाणे चार वाजता आलास. ती चहा घेऊन बाहेर आली, कप ठेवला नाही, तसाच हातात धरून उभी राहिली.

"मास्तरकाका, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, बेटा."

"मग दादांना का नाही सांगितलं?" दादा म्हणजे मी.

मी तुझ्यापासून दोन हातांवर बसलो होतो. तू माझ्याकडे एकदा पाहिलेस. तेही ओझरते. आणि म्हणालास, "चुकलं माझं. मला क्षमा कर."

तेव्हाही माझी सवय मला सोडून गेली नाही. मी तुझे वाक्य मनात तपासले. तू खोटे विधान केले नव्हतेस. "मी सांगितले नाही" असे तू म्हणाला नाहीस. तू फक्त क्षमा मागितलीस, आणि क्षमा खरी की खोटी हे कोणी तपासत नाही. ती एकतर दिली जाते किंवा दिली जात नाही. तर्कशास्त्राचा मास्तर एकही असत्य न उच्चारता दुसऱ्याचा अपराध स्वतःच्या नावावर करून मोकळा झाला. आणि मी, जो एक वाक्य बोललो असतो तर सगळे जागच्या जागी आले असते, तो गप्प बसलो.

कमल म्हणाली, "तुमच्या हातून असं होईल असं नव्हतं वाटलं." तिने कप खाली ठेवला आणि आत गेली. त्यानंतर चार वर्षे ती तुझ्यासमोर आली नाही.

मी तुला फाटकापर्यंत सोडायला आलो. का, एवढेच विचारले. तू म्हणालास, "तिच्याकडे आता एकच माणूस उरलाय, दत्तो. त्याच्यावर तरी तिचा भरवसा राहू दे सध्या. तू सांग नंतर. सावरली की सांग."

मी म्हणालो, "सांगेन."

हा माझा शब्द होता. कागद नाही, साक्षीदार नाही. तू तो घेतलास आणि टांगा पाहायला रस्त्याच्या कडेला गेलास.

कमल सावरली. तिने शिक्षिकेची परीक्षा दिली, मुलींच्या शाळेत लागली. घरात पुन्हा बोलू लागली, कधी हसू लागली. मी सांगितले नाही. तू दर रविवारी येत राहिलास, तिच्या खोलीचे दार लागत राहिले, चहा मी करून आणत राहिलो. माझा चहा तू बिनतक्रार प्यायलास, फक्त एकदा म्हणालास, "शिरस्तेदार, याची जबानी घेतली तर हा चहा असल्याचं कबूल करणार नाही." तू मला चार वर्षांत एकदाही आठवण करून दिली नाहीस. मी प्रथम त्याला तुझा मोठेपणा समजलो, मग तुझी विसरभोळी वृत्ती. आता कळते. मी शब्द दिला होता, आणि दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे म्हणजे तो नाकारणे, असे तू मानत होतास. तू पुरावा मागत नव्हतास. तू थांबला होतास.

आपले वादही त्या रविवारपासून बदलले. मी मुद्दा काढला की तू ऐकायचास आणि "असेल" म्हणायचास. मला काही सांगणेच तू सोडून दिलेस. बातम्या सांगितल्यास, पुस्तकांबद्दल बोललास. परंतु "मी सांगतो, ऐक" असे पुन्हा कधी म्हणाला नाहीस. शेवटच्या वर्षी तुझा उजवा हात अधूनमधून बधिर होत होता. ते मला वहिनींकडून कळले. मी तुला रागाने विचारले, मला का नाही सांगितलेस? तू म्हणालास, "तू डॉक्टरचा कागद मागितला असतास." तू हसून म्हणालास. मीही हसलो.

मग झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पन्नास वर्षे बोलून जगलेल्या माणसाजवळ दोन डोळे आणि डावा हात उरला. मी आठ दिवस रोज येऊन बसलो. तू दाराकडे पाहायचास आणि मग माझ्याकडे. डॉक्टरांना वाटले, तुला उजेडाचा त्रास होतो. त्यांनी दाराला पडदा लावला. तू काय विचारत होतास ते मला पहिल्या दिवशीच कळले. मी तुझ्या कानाशी वाकून म्हणालो, "उद्या." आठ दिवस आठ वेळा म्हणालो. निदान "तू खरे सांगत होतास, मी चुकलो" एवढे तरी तुला म्हणता आले असते. त्याला कमल लागत नव्हती. परंतु खोलीत नेहमी कोणीतरी असायचे. वहिनी, श्रीधर, औषध घेऊन येणारे कोणी. मी एकांताची वाट पाहत बसलो. आयुष्यभर प्रत्येक वाक्याला साक्षीदार मागणाऱ्या माणसाला स्वतःच्या एका वाक्याला साक्षीदार नको होता.

सहाव्या दिवशी वहिनींनी मला ओसरीत गाठले. "भाऊजी, कमल येईल का हो एकदा? यांची नजर सारखी दाराकडे जाते." म्हणजे त्यांनाही कळले होते. मी म्हणालो, "तिला बरं नाही. खोकला आहे." कमल त्या वेळी शाळेत शिकवत होती. वहिनींनी काहीही विचारले नाही. आत गेल्या, सुंठ कुटून कागदाच्या पुडीत बांधून आणली आणि माझ्या हातात दिली. "मधातून घ्यायला सांगा. शाळेत बोलावं लागतं तिला." घरात तू तसा पडलेला, आणि त्या सुंठ कुटत होत्या. पुरावा न मागता शब्द मानणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिले. ज्या शब्दाला तसे मानले गेले तो शब्द माझा होता आणि खोटा होता.

नवव्या दिवशी सकाळी श्रीधर सायकलवरून आला. मी तेव्हा कोट घालत होतो.

तुझ्याबद्दल कृतज्ञता लिहावी अशी अपेक्षा असते. ती आहे. पण ती कोणापाशी पोचवू, हे मला कळत नाही. तू असतास तर म्हणाला असतास की शब्द बोलला गेला तरी ऐकणारा नसेल तर काम होत नाही. देणारा आणि घेणारा दोघे लागतात. हे तू मला शिकवलेस आणि ते बरोबर आहे. त्या अर्थाने माझी क्षमायाचना आता होऊच शकत नाही. कितीही लिहिले तरी नाही. गुरुजी म्हणतात जाणाऱ्याला ऐकू जाते. मला तसे वाटत नाही. मला त्या बाजूने काहीच ऐकू येत नाही, केशव, आणि रविवार परवाच होऊन गेला. चार वाजता मी दोन कप काढले.

एक ऐकणारी मात्र उरली आहे. तुला दिलेला शब्द तिच्याबद्दल होता. तो घेणारा गेला म्हणून तो संपला, असा युक्तिवाद मी आज घाटावरून येताना करून पाहिला. टिकला नाही.

हे सारे सांगितल्यावर माझ्या मुलीचा माझ्यावर भरवसा राहणार नाही. तुझ्यावर बसेल. तू गेल्यावर. याला उपाय नाही. मी भीत होतो, म्हणून चार वर्षे गेली. दुसरे कारण नाही.

येथवर लिहून झाले तेव्हा पावणेसहा वाजले होते. कमल शाळेतून येऊन स्वयंपाकाला लागली होती. तिने शेगडीवर भात ठेवला होता. मी तिला बोलावून समोर बसवले आणि हे पहिल्या ओळीपासून वाचून दाखवले. जबानी वाचायचो तसे, न थांबता. रविवारचा भाग आला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले, नंतर पाहिले नाही. वाचून संपल्यावर मी म्हणालो, "बरोबर आहे." हे म्हणायचे काम लिहिणाऱ्याचे नसते, पण जबानी माझीच होती. मी खाली सही केली.

मग तिने एकच विचारले.

"सुंठ कुठंय?"

मी टेबलाच्या खणातून पुडी काढून दिली. तिने ती पदरात बांधली, शाल घेतली, चपला घातल्या. वहिनींकडे जाते का, असे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. फाटकाचा आवाज आला.

आतून करपल्याचा वास येऊ लागला. मी उठलो आणि भाताचे पातेले शेगडीवरून खाली उतरवले.